दुसऱ्याच्या मांडीवर गेलेला पाट

माझ्यावर आजवर एकही माणूस बसलेला नाही, मित्रांनो. पाट असूनही नाही. जेवणाचे पाट वेगळे. ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे असतात आणि त्यांच्यावर कुणीही बसतं. मी गणपतीचा पाट. एकदा शेजारची मांजर येऊन बसली होती, पण तिला मी माणसांत धरत नाही.

माझी जात फणसाची. रोह्याच्या समोर, कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गाव आहे. तिथल्या हैबतरावांनी लग्नाच्या वर्षी परसातला पडलेला फणस कापला आणि स्वतःच्या हातांनी मला घडवलं. वरून रंधा मारून मला गुळगुळीत केलं. खालच्या बाजूला मात्र एक गाठ राहून गेली. ती काढायला गेलं तर लाकूड फुटेल म्हणून त्यांनी ती तशीच सोडली. त्या गाठीचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

आमच्याकडे रीत अशी, की आषाढात घरचा पाट पेणला गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. कारागीर त्याच पाटावर शाडूची मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला देव आपल्या पाटावर बसून घरी येतो. बाकीचं वर्ष मी माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. तिथं मला कुणी विचारत नाही. उंदीर येऊन जातात. त्यांना मी काही बोलत नाही, शेवटी ते देवाच्या घरचेच.

हैबतराव मला एसटीने आणायचे. मूर्तीसकट मला मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "दादा, खड्डा आला की आधी सांगा बरं काय. देव झोपलेला हाय." ड्रायव्हर हसायचा, पण गाडी हळू घ्यायचा. रोह्याला उतरले की मला डोक्यावर घेऊन पुलावरून चालत अष्टमीला. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत. मला तर त्या पुलावर राजासारखं वाटायचं.

हैबतराव गेले. त्यांची बायको धोंडुबाई तेव्हापासून एकच सांगत आली, "मी हाय तोवर देव ह्यांच्या पाटावरच बसल." मला आणायचं काम मग मुलाकडे, कमळाकरकडे आलं. कमळाकर कंपनीत नोकरीला होता आणि त्याने एक जुनी फियाट घेतली होती. माणूस सोन्यासारखा. कुणाच्या अडीअडचणीला आधी धावणारा. पण स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या अंगात काय संचारायचं ते देव जाणे. आणि देव तर माझ्यावरच बसलेला असायचा, तोही सगळं बघत असणार.

एका वर्षी चतुर्थीच्या सकाळी कमळाकर आणि त्याची बायको मालू पेणला आले. कारागीर नाथाने मूर्तीला डोक्यापासून पार माझ्यापर्यंत लाल फडक्याने झाकलं. घरच्या दारात ओवाळून होईपर्यंत देवाचं तोंड उघडायचं नसतं. त्या दिवशी कारखान्यातून निघालेल्या सगळ्याच मूर्तींवर त्याच ताग्यातलं फडकं होतं. हे जरा लक्षात असू द्या.

कमळाकरला पूजा आटपून दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. वडखळ नाक्याच्या अलीकडे आमच्यापुढे एक तीनचाकी टेम्पो आला. खड्डे चुकवत तो आपला सावकाश चालला होता. कमळाकरने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"ह्याच्या बापानं बांधलाय काय रस्ता?"

"अहो, माझ्या मांडीवर देव हाय," मालू म्हणाली. "जरा दमानं घ्या ना."

"तू गप बस गो. शिफ्ट तू भरणारेस काय माझी?"

आणि त्याने गाडी दामटली. फियाट टेम्पोला घासून पुढे गेली, टेम्पोचा आरसा तुटून लोंबू लागला. टेम्पोवाल्यानेही मग हट्टाने गाडी पुढे काढून आडवी घातली. दोघे उतरले आणि भर रस्त्यात जुंपली. एकमेकांच्या सात पिढ्या निघाल्या, कमळाकरची शिफ्ट निघाली, गचांड्या धरल्या गेल्या. मागे गाड्या तुंबल्या.

टेम्पोतून एक बाई उतरली. तिच्याही हातात लाल फडक्यातला गणपती. टेम्पो हळू का चालला होता, ते मला तेव्हा कळलं. तिचं नाव हौसा. धरमतर खाडीकडची, मिठागरातली. टेम्पोवाला काळुराम तिचा नवरा.

गाडीत उकडत होतं. मालूही मला घेऊन उतरली. रस्त्याकडेला एसटीच्या थांब्याचा कट्टा होता, त्यावर दोघींनी दोन्ही देव शेजारीशेजारी ठेवले आणि पदराने घाम पुसत बसल्या.

"नाथाकडचाच काय गो तुमचा पन?" हौसाने विचारलं.

"व्हय. पाट आमच्या सासऱ्यांच्या हातचा हाय. सासूबाई ह्या पाटाबिगर देव मांडायच्या नायत. देव बसल्याबिगर पानी पन प्यायच्या नायत."

एवढं झाल्यावर गप्पा लागल्या. कुणाचं माहेर कुठलं, मोदकाला तांदूळ कुठला घेता, मुलं किती. मालूने सांगितलं अष्टमीचं, हौसाने सांगितलं मिठागराच्या बांधावरच्या शेवटच्या घराचं. तिकडे नवरे एकमेकांचा उद्धार करत होते आणि इकडे हौसा निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण कसं करायचं ते सांगत होती. चतुर्थीच्या दिवशी, देवासमोर. मला हसू येत होतं.

तेवढ्यात मागच्या गाड्यांची बोंबाबोंब झाली, तसे दोघे पुरुष तणतणत कट्ट्यापाशी आले. कमळाकरने हाताला लागला तो देव उचलला आणि मालूला गाडीत कोंबलं. काळुरामने उरलेला उचलून हौसाच्या मांडीवर ठेवला. उरलेला म्हणजे मी.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. वडखळ नाक्याला फियाट रोह्याच्या रस्त्याला लागली आणि मी चाललो धरमतरच्या दिशेला.

थोड्याच वेळात हौसाची बोटं माझ्या खालच्या गाठीला लागली. ती चमकली. "अवं, थांबा. ह्यो पाट आपला नाय."

काळुराम कुठला ऐकतोय. त्याची भांडणाची दुसरी फेरी एकट्यानेच चालली होती. "आरसा फोडला माझा. पुन्हा गाठ पडू दे, मग दावतो." टेम्पोच्या आवाजात आणि त्याच्या रागात घराचं दार येईपर्यंत तिचं बोलणं त्याच्या कानावर गेलंच नाही.

दारात काळुरामची आई पुतळीबाई ओवाळायला उभी होती. तिने फडकं उचललं. त्यांचा देव निळ्या शेल्याचा होता. इथे पिवळं पितांबर बघून म्हातारीने तबक खाली ठेवलं.

"कुनाचा देव आनलास रं?"

काळुरामचा चेहरा उतरला. राग कुठल्या कुठे गेला, नुसती लाज उरली. देव आपला असतो तसा दुसऱ्याचाही असतो, आणि तिकडे एक म्हातारी उपाशी बसलेली आहे, हे हौसाने त्याला सांगितलं. तो लगेच टेम्पोकडे धावला. "चल, असा सुटतो, रोह्यापर्यंत थांबायचा नाय."

"आनि ती मानसं हिकडं यायला निघाली असली तर?" हौसा म्हणाली. "वाटंत चुकामूक व्हईल. कट्ट्यावर चला. मालू तिथंच येल. आमचं बोलनं अर्ध्यावर राहिलंय."

कट्ट्यावर आम्ही येऊन बसलो. ऊन वर चढत चाललं. काळुराम दर गाडीसरशी उठून उभा राहायचा. मला सारखी धोंडुबाई दिसत होती. मला भीती वाटली मित्रांनो, खरंच वाटली. माळ्यावर इतकी वर्षं काढली, पण एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग लांबून हॉर्नचा गदारोळ ऐकू आला. गाड्यांची रांगच रांग, सगळ्या चिडलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे बैलगाडीच्या चालीने येणारी आमची फियाट. मागचे शिव्या घालत होते. कमळाकर मान खाली घालून एकेक खड्डा चुकवत होता. मालूच्या मांडीवर दुसऱ्याचा देव होता ना. अष्टमीच्या दारात धोंडुबाईने पाटाखाली हात घातला, गाठ लागली नाही, तशी गाडी परत फिरली होती, हे मला मागाहून कळलं.

तो उतरला, निळ्या शेल्याचा देव दोन्ही हातांनी काळुरामच्या पुढे धरला. "दादा, चुकलं माझं. तुमच्या गाडीतपन देव असल, हे माझ्या ध्यानातच आलं नाय."

"मीपन गाडी आडवी घालाया नको होती," काळुराम म्हणाला. मग जरा थांबून, "शिफ्ट?"

"गेली."

काळुरामला हसू आवरेना. मग कमळाकरलाही. दोघांनी मिळून लोंबणारा आरसा हारांच्या सुतळीने बांधला. बायका तेवढ्यात निवट्यांच्या कालवणापर्यंत परत पोचल्या होत्या.

अष्टमीला पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. धोंडुबाई उंबऱ्यात बसून होती, तोंड सुकलेलं. तिने देव बघितला नाही. आधी माझ्याखाली हात घातला, बोटांनी गाठ चाचपली आणि डोळे मिटले.

"उशीर झाला आई," कमळाकर म्हणाला.

"अरे, वर्षभर वाट बघते मी," धोंडुबाई म्हणाली. "आज अजून थोडी बघितली. जा, पाय धू."

त्या दिवसापासून माझ्या गाठीचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आता मी काळा पडलोय, एक कोपराही झिजलाय. पण चतुर्थीला त्या कट्ट्यावर आमचा देव आणि मिठागरातला देव अजून शेजारीशेजारी बसतात, आता मुद्दाम. बायका बोलतात, पुरुष चहा पितात. गाडी कमळाकरचा मुलगा विठू चालवतो. पुढचा हळू चालला की विठूचा हात हॉर्नकडे जातो आणि मागे बसलेला म्हातारा कमळाकर त्याच्या खांद्याला नुसतं बोट लावतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या गाडी चालवाल. पुढच्याचा राग येईल, येऊ द्या. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की त्या गाडीत कुणीतरी मांडीवर काहीतरी जपून धरलेलं असतं, आणि ते मागून दिसत नाही.