बंद केलेलं बीकन

हजीऱ्याजवळच्या एका खासगी धावपट्टीवर प्रज्ञेश रेडिओ बीकन सांभाळायचा. ढगांत काही दिसेनासं झालं, की वैमानिक त्या बीकनच्या सिग्नलवरून दिशा धरून खाली उतरत. त्या सकाळी कारखान्यात भाजलेल्या मगनला मुंबईला न्यायला विमान येत होतं. आभाळ ढगांनी भरलेलं होतं. तेवढ्यात बीकनवर वीज पडली आणि सिग्नल चुकीची दिशा दाखवू लागला. प्रज्ञेशनं बीकन बंद केलं. विमान माघारी गेलं.

मगनची बायको उज्ज्वला धावत आली. “दादा, बंद कशाला केलं?”

“ताई, सिग्नल चुकत होता. चालू ठेवलं असतं तर विमान शेजारच्या गॅसच्या टाक्यांवर आदळलं असतं.”

ती तशीच मगनकडे धावली. मगनला मग गाडीनं नेलं. वलसाडच्या अलीकडेच त्यानं प्राण सोडला.

संध्याकाळी वैमानिकानं आभार मानायला फोन केला. प्रज्ञेशनं त्याला मगन गेल्याचं सांगितलं.