साहेब जागेवर नाहीत

सर्पालयात नाग दहा. त्यांतल्या सगळ्यात मोठ्याला साहेब म्हणायचे, कारण तो जागेवर आहे की नाही हे आत डोकावल्याशिवाय कोणाला कळत नसे.

नाग मोजायचं काम मामाचं. त्यात चूक नको म्हणून भाचीने त्याला प्रोग्राम लिहून दिला होता. प्रोग्रामिंग शिकायला लागून तिला तीन आठवडे झाले होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. मामाने सकाळी आकडा टाकायचा, दुपारी पुन्हा टाकायचा. दुपारचा कमी भरला तर मागच्या खोलीत मामाच्या डोक्यावर टांगलेली घंटा वाजणार. तेव्हापासून मामाने सकाळचा आकडा लक्षात ठेवणंच सोडलं. घंटा आहे ना, म्हणायचा.

त्या दुपारी मामाने मागच्या खोलीतून आकडा टाकला आणि निवांत भांडी विसळायला घेतली. पुढच्या खोलीत भाचीने पडद्यावर वाचलं: सकाळी १०, आता ९. सगळे जागेवर आहेत.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात कॉम्प्युटरच्या डब्यामागून, जिथे गरम हवा येते तिथून, साहेब उठले आणि फणा काढून तिच्याकडे बघू लागले. अंतर दोन वितींचं.

मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नाग समोर आला तर हलायचं नाही, मी येतो. पण तो येणार घंटा वाजली की. हाक मारायची तर छाती हलणार. बोटांबद्दल मात्र तो काही बोलला नव्हता.

तिच्या लक्षात आलं. टाकलेला आकडा प्रोग्रामला आकडा वाटतच नव्हता, मजकूर वाटत होता, आणि मजकूर तो पहिल्या अक्षरापासून तोलतो. दहातल्या एकापेक्षा नऊ मोठा, म्हणून दहापेक्षाही मोठा. त्याच्या मते नाग वाढले होते.

तिने दुपारच्या आकड्याभोवती ‘इंट’, म्हणजे ‘हा आकडाच समज’ असा हुकूम, आणि कंस घातले. कंसाला शिफ्ट लागतं, म्हणजे करंगळीही आली. प्रोग्राम चालवला. पडदा लाल: आकड्याची मजकुराशी तुलना होत नाही. सकाळचा मजकूरच राहिला होता. साहेब थोडे पुढे झुकले, जणू त्यांनाही चूक दिसली.

घाम नाकावरून ओघळला. घाम हललेला चालतो का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. तिने सकाळच्या आकड्याभोवतीही ‘इंट’ घातलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

घंटा वाजली.

मामा ओल्या हातात सापाची काठी घेऊन दारात आला. “किती कमी?”

“एक,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“कुठला?”

मग मामालाच दिसला. त्याने साहेबांना अलगद उचलून पिशवीत घातलं आणि घंटा जरा उशिराच वाजली गं, असं म्हणत आत गेला.

थोड्या वेळाने पडद्यावर दहा आले. घंटा गप्प होती. भाची मागे गेली आणि काचेवर बोट ठेवत स्वतः मोजू लागली. दहा. पुन्हा मोजले. दहाच. मग परत येऊन ती खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसली.

“मामा,” तिने तिथूनच हाक मारली, “सकाळचा आकडा तूही लक्षात ठेवत जा.”