मच्छराच्या पोटातली पेटी

किडे गोळा करायला शिकायला माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिला नियम सांगतो तो असा, की मेलेलाच उचलायचा. रस्त्यावरच्या दिव्याखाली, खिडकीच्या कठड्यावर, इतवारीतल्या धान्याच्या गोदामांबाहेर सकाळी इतके किडे मरून पडलेले असतात की कुणाचा जीव घ्यायची गरजच नसते.

नियम सोपा आहे, पण किड्यांना तो माहीत नसतो. त्या मुलांतल्या पियुषने एकदा मेलेला समजून एक काळा भुंगेरा खिशात टाकला. भुंगेरा मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. शाळेत प्रार्थना सुरू झाल्यावर त्याने सोंग सोडलं आणि पियुष डोळे मिटून, हात जोडून, एका पायावर नाचू लागला. बाईंनी त्याला भक्तीचं कारण विचारलं म्हणतात. दुसऱ्या एका मुलाच्या पेटीतला नाकतोडा मुंग्यांनी नेला. टाचणीला एक तंगडी तेवढी अडकून राहिली. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवा, हे मी सांगून सांगून थकलो होतो. त्या तंगडीने ते काम एका दिवसात केलं.

या सगळ्यांत दामिनीची पेटी सर्वांत देखणी होती. दामिनी आमच्याच गल्लीतली, टिमकीतली, सहावीत शिकणारी. तिच्या घरी पूर्वी हातमाग होते. आता माग नाहीत, पण लुगड्यांची पुठ्ठ्याची खोकी अजून निघतात. अशाच एका खोक्यात थर्माकोल बसवून तिने दोन पावसाळे किडे लावले होते. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नाव. मधोमध एक सोनपाखरू होतं, धातूसारखा चकाकणारा भुंगेरा. कामठीला मावशीकडे गेली असताना ते तिला बाभळीखाली सापडलं होतं. उन्हात धरलं की हिरव्यातून तांबडी झाक मारायचं. पेटी कुणालाही दाखवताना दामिनी ते शेवटी दाखवायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबू आणि कागदाच्या मोठ्या मूर्ती असतात. लोक त्यांच्यामागून ओरडत जातात, की बाई, आमच्या घरातली रोगराई घेऊन जा. त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे लोकांना ज्याचा वैताग आला असेल त्याचे पुतळे. शेवटी सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. आमच्या गल्लीचा बडग्या विक्की करतो. तो एरवी मोटारसायकली दुरुस्त करतो. यंदा गल्लीत घरोघरी डेंग्यू झाला होता, म्हणून त्याने मच्छर करायला घेतला.

मी तो पाहायला गेलो तेव्हा दामिनी कमरेवर हात ठेवून विक्कीसमोर उभी होती. त्याने मच्छराला चार पाय लावले होते. ती सहा मागत होती.

"दोन पायांनी काय फरक पडते वं?" विक्की म्हणाला. "जाळायचाच तर आहे."

"मग चार पायांचा मच्छर जळंल. खरा राहूनच जाईन."

विक्कीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने आणखी दोन बांबू चिरायला घेतले. पोटात भरायला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने गल्लीत सांगून ठेवलं, की घरातली अडगळ आणून द्या. लोकांनी फाटकी सुपं, झिजलेले झाडू, जुन्या चटया दिल्या. पोट भरलं आणि त्याने ते बारदानाने शिवून टाकलं.

मिरवणुकीच्या सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा दामिनी धावत आली. तिची पेटी नव्हती. पलंगाखाली नव्हती, कपाटावर नव्हती. आजीला विचारलं तर आजी म्हणाली, कालच तर दिली मच्छराच्या पोटात.

मी तिच्यासोबत घरी गेलो. रुख्माबाई, म्हणजे तिची आजी, ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला. काय झालं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"गुरुजी, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "मेलेले किडे कोणी पेटीत सांभाळून ठेवते का? मले वाटलं, पोरीनं मारबतीसाठीच जमवले. म्हटलं, बाई, शहाणी झाली, घरचे किडे एका जागी करून ठेवले. खाली नावं बी लिहिली, म्हणजे मारबतीले वाचायले सोपं."

मला हसू आवरणं कठीण झालं, पण दामिनीकडे पाहून मी ते गिळलं. ती रडत नव्हती. बाहेर पाहत होती. बाहेर गल्ली रिकामी होती. विक्की आणि गल्लीतली पोरं मच्छर हातगाडीवर चढवून केव्हाच निघाली होती.

पेटी जळायच्या आत गाठायला हवी होती. आम्ही निघालो. इतवारीत मारबतीच्या दिवशी चालणं म्हणजे भरल्या पोत्यात हात घालण्यासारखं असतं. दामिनी वाकून, तिरपी होऊन पुढे सरकायची आणि मग माझ्यासाठी थांबायची. मी तिला पुढे जा म्हणालो. ती म्हणाली, विक्कीदादा माझं नाही ऐकणार, तुम्ही पाहिजे. ढोलांच्या आवाजात मला तिचे ओठच दिसत होते. चारी बाजूंनी लोक ओरडत होते, "खोकला, ताप, ढेकूण, मच्छर घेऊन जाय गे मारबत!"

शहीद चौकाच्या अलीकडे आम्हाला मच्छराची सोंड दिसली. गर्दीवर हलत चालली होती. विक्की गाडीच्या दांड्यापाशी होता, गुलालाने डोळ्यांपर्यंत माखलेला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"काका, निघालेला बडग्या मधात थांबवत नाही. लोक मारतीन मले."

गर्दीचा एक लोंढा आला, गाडी कडेला रेटली गेली आणि एका दुकानाच्या शटरला घासून मच्छराचा मधला पाय निखळला. पाच पायांचा मच्छर पाहून मागची पोरं हसू लागली. आता थांबणं भागच होतं. पाय जिथून निघाला तिथे बारदानाला भोक पडलं होतं. विक्कीचा हात त्यात शिरेना. दामिनी चपला काढून गाडीवर चढली आणि तिने खांद्यापर्यंत हात आत घातला.

लोक जमले. आपल्या मुलाला खांद्यावर घेतलेला एक माणूस त्याला समजावून सांगत होता, की ही डॉक्टरीण आहे, मच्छराचं ऑपरेशन करून राहिली. विक्कीच्या कानावर ते गेलं. पुढच्या बडग्याजवळचा माईक त्याने मागून घेतला आणि जाहीर केलं की डेंग्यूच्या मच्छराचं ऑपरेशन चालू आहे, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक झाडू निघाला. एक सूप निघालं. मग दामिनी थबकली, तिने गाल बारदानाला टेकवला आणि हळूहळू लुगड्याचं खोकं बाहेर काढलं. एक कोपरा चेपला होता. तिने ते कानाशी धरून हलवलं नाही, उघडूनही पाहिलं नाही. फक्त छातीशी धरलं.

मला वाटलं, झालं. पण घरी पोचलो तेव्हा रुख्माबाई उंबरठ्यात उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"मारबतीले दिलेलं वापस घरात येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त काळजी वाटली. "मागच्या साली याच पोरीले ताप आला तं पंधरा दिवस हॉस्पिटलात होतो रामदासपेठेत. मी काहीच वापस आणू देणार नाही."

पेटी माझ्याकडे ठेवू, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या कपाटात ती माझी पेटी झाली असती. आणि दामिनीने अजून तोंड उघडलं नव्हतं. मुलं विचार करत असताना मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

दामिनी पायरीवर बसली. "आजी, सकाळी तू दारातून मारबतीले ओरडली, तेव्हा कोणाकोणाची नावं घेतली?"

"घेतली ना. खोकला, ताप, ढेकूण, मच्छर, माश्या. अन् महागाई."

"मग पेटीत यातलं जे असंल ते तू काढून फेक. बाकीच्यांले तू जाय म्हटलंच नाही. ते काहून जातीन?"

रुख्माबाईंनी चौकटीवरचे हात खाली घेतले. मग त्यांनी आतून चष्मा मागवला आणि उंबरठ्यावरच बसल्या. पेटी पायरीवर उघडली गेली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. दोन टाचण्या वाकल्या होत्या, एका फुलपाखराचा पंख दुमडला होता, बाकी सगळे जागेवर होते.

कागदावर चिकटवलेला मच्छर पहिला गेला. मग माशी. मग पियुषने कुठूनसा आणून दिलेला ढेकूण. दामिनी स्वतः काढून देत होती, आणि प्रत्येक वेळी ओठ दाबत होती.

"हा कोण?"

"चतुर. हा मच्छर खाते, आजी. उडता उडता पकडून."

"मच्छर खाते?" रुख्माबाईंनी चतुराकडे आदराने पाहिलं. "मग याले फेकत नाही. याले आत घे."

पुढे झुरळ होतं. झुरळाचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून दामिनी निश्चिंत होती. रुख्माबाई उठल्या, गल्लीच्या टोकाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडल्या, "झुरळं बी घेऊन जाय गे मारबत!" मग खाली बसून म्हणाल्या, "सकाळी राहून गेलं होतं."

नियमाने हेही बरोबरच होतं. दामिनीने झुरळ काढून दिलं. आता मात्र तिचा चेहरा उतरला, कारण आजीला वाटलं तर अजून कुणाचंही नाव घेता येत होतं, आणि सोनपाखराची पाळी आली होती.

रुख्माबाईंनी ते टाचणीसकट उचललं आणि उन्हात धरलं. फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं. चाळीस वर्षं त्यांच्या हातून लुगड्यांचे काठ गेले होते.

"हिरव्यात लाल," त्या म्हणाल्या. "आडवा धागा लाल घेतला की असं दिसते. पण एवढं साधत नव्हतं आम्हाले." त्यांनी सोनपाखरू परत त्याच्याच भोकात बसवलं, जरा तिरपं झालं ते सरळ केलं आणि पेटी स्वतःच उचलून आत नेली. कपाटावर ठेवताना बजावलं, की मच्छर आता दुसरीकडे शोध, आपल्या घरातले तर मारबतीसंगं गेले.

हे म्हणता म्हणता त्यांनी उजव्या हाताने डाव्या दंडावर फटकन मारलं.

दामिनी एका उडीत त्यांच्यापाशी पोचली आणि तिने तो दंड दोन्ही हातांनी धरला.

"पुसू नको वं, आजी," ती म्हणाली. "गुरुजी, चिमटा द्या."