गादीखाली उतरून

पंचावन्न सालचा श्रावणी सोमवार. मिठबावच्या देवळात दिवस मावळायच्या आत कीर्तन उभं राहायचं होतं, आणि हरिश्चंद्रबुवांच्या पोटात सकाळपासून कण नव्हता. उपास होता खरा, पण भूक मेली होती ती बाबलीपायी. त्यांचा हा एकुलता एक मुलगा उद्या गोव्याच्या सत्याग्रहाला निघणार होता, आणि हद्दीवरचे पोर्तुगीज शिपाई गोळी घालायला मागंपुढं पाहत नव्हते.

"तुमी फकत गादीवरून सांगा," पगडी हातात देत त्यांची बायको सुगंधा म्हणाली. "घरात तो कोणाचाच आयकणा नाय. थंय आयकतलो."

तिचं खोटं नव्हतं. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. गळ्यात हार पडला की तो कुणाचा बाप नाही, कुणाचा नवरा नाही. जन्मदाताही त्याच्या पाया पडतो. बाबलीनंच शब्द दिला होता, "गादीवरून 'जाव नको' म्हटलास, तर मी जावचो नाय."

वाटेत गावातला इनास भेटला. त्याची बहीण हद्दीपलीकडं, गोव्यात म्हापशाला दिलेली. आई वारली तेव्हाही तिला हद्द ओलांडू दिली नव्हती. "बुवानू, तुमच्या वैकुंठाक जावक परवानो लागणा नाय," तो म्हणाला. "म्हापशाक लागता."

बुवांना हसू आलं नाही. आख्यान त्यांनी श्रावणबाळाचं ठरवलं होतं. आईबापांची कावड वाहणारा मुलगा. त्या ओघात ते 'जाव नको' आपसूक बसलं असतं.

पूर्वरंगाला मुक्तीचा विषय घेतला आणि बुवा बोलता बोलता फार लांब गेले. मिसर देशातली वेठ झुगारून निघालेली माणसं आली, साता समुद्रांपलीकडच्या उसाच्या मळ्यातले गुलाम आले, आयर्लंडातली कुळं आली, आपले मीठ उचलणारे आले. "कुणाला जमीन हवी होती, कुणाला भाकर, कुणाला आपली भाषा," बुवा म्हणाले. "पण सगळ्यांचं ध्रुपद एकच, मंडळी. आमचं 'हो' आणि आमचं 'नाही' आमच्याच तोंडून निघू दे. आणि ज्यानं ज्यानं त्यांना अडवलं, त्यानं देवाचंच नाव पुढं केलं."

एवढं बोलले आणि त्यांची नजर समोर बसलेल्या बाबलीवर गेली. चिपळ्या थांबल्या. तबला जरा वेळ एकटाच चालला आणि तोही गप्प झाला.

बुवांनी गळ्यातला हार काढून देवापुढं ठेवला आणि ते गादीखाली उतरले. भर कीर्तनात असं कुणी करत नाही. सभामंडपात कुजबुज उठली. ते तडक बाबलीपुढं जाऊन उभे राहिले.

"जाव नको रे. माका भय वाटता."

बाबलीनं वर पाहिलं. "कोण सांगता? नारद?"

"नाय. तुझो बापूस."

बाबली वाकला. पायांवरचं डोकं त्यानं लवकर उचललं नाही. "मगे मी जातंय, बाबा."

बायकांच्या बाजूनं सुगंधा उठली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली.

उत्तररंग, म्हणजे श्रावणबाळाचं आख्यान, बाकी होता. बुवा पुन्हा गादीवर आले. त्यांनी गजर धरला, पण सूर लागेना. मग तो लोकांनीच उचलला.