आतड्याची पिशवी

बांधकामाच्या साइटवर क्रेनचालकाला सगळे ‘घड्याळराव’ म्हणत. अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्याचं मूत्राशय काढावं लागलं होतं आणि डॉक्टरांनी त्याच्याच आतड्याची पिशवी शिवून तिथे बसवली होती. या पिशवीला लघवी लागल्याचं कळत नाही. म्हणून दर चार तासांनी तो शिडी उतरून खाली यायचा, पोट दाबून ती रिकामी करायचा आणि पुन्हा वर चढायचा. अकरा वर्षं बिनबोभाट गेली.

मग धार बारीक झाली. दहा-दहा मिनिटं उभं राहूनही ओटीपोट जडच.

‘‘अहो, तोंड का उतरलंय?’’ बायकोने विचारलं.

‘‘ऊन बाधलं असेल,’’ त्याने वेळ मारून नेली. मनात पाल चुकचुकत होती, तो रोग परत आला तर नसेल?

एके सकाळी लोखंडी तुळई हवेत असतानाच त्याची पँट भिजली. खाली सहा माणसं होती. दात आवळून त्याने तुळई अलगद टेकवली, मगच तो शिडी उतरला. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं.

‘‘महिनाभर एकट्यानेच कुढत बसलात? उद्याच चला!’’

दुर्बिणीने आतून तपासणी, सोनोग्राफी, रक्ताची चाचणी, सगळं झालं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले.

‘‘रोगाचा मागमूस नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो हुश्श करणार, तोच त्या पुढे बोलल्या, ‘‘पण पिशवी ताणून सैल पडलीय. अर्धा लिटर आतच राहतं. जास्त झालं की बाहेर सांडतं. असंच चाललं तर किडन्या जातील. रोज चार वेळा स्वतःच लघवीच्या वाटेने नळी घालून ती रिकामी करायची.’’

‘‘स्वतःच? मला नाही जमायचं!’’

नर्सने बारीक, बुळबुळीत नळी त्याच्या हातात दिली. दोनदा त्याने अर्ध्यातच सोडली. घामाने शर्ट चिकटला.

‘‘काका, घाई कुणाला आहे? श्वास सोडा.’’

तिसऱ्यांदा नळी सरकली आणि भांडं भरत गेलं. ओटीपोट इतकं हलकं झालं, की त्याला रडूच कोसळलं.

त्यासाठी साइटवर फोरमनने त्याला कडी लागणारी, नळ असलेली एक खोली दिली. तीन महिन्यांनी किडन्या ठीक निघाल्या. आता दर सहा महिन्यांनी तपासणी. आठवडाभर आधीच त्याची झोप उडते. बायको फाइल काढून ठेवते आणि म्हणते, ‘‘मी आहे ना बरोबर.’’