ताईबाईंच्या तीन लाख बाटल्या

शिरूर तालुक्याच्या इतिहासात रिकाम्या बाटलीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बाटली परतावा योजनेनं. प्रतिष्ठा दोन रुपयांची होती. पाण्याची बाटली घेताना दोन रुपये जास्त द्यायचे, रिकामी बाटली केंद्रावरच्या मशीनमध्ये टाकली की ते परत. पैसे भरणारे बाटली रस्त्यावर भिरकावून निघून जात. उचलायला ताईबाई होत्याच.

रोज शिरूरचा एसटी स्टँड, आणि वढूला समाधीवर गर्दी असली की वढू, तेही आता अर्ध्या तिकिटात, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. निराधार पेन्शनचे पंधराशे रुपये महिन्याला यायचे ते बीपी-शुगरच्या गोळ्यांना जायचे. बाटल्यांवर जेवण आणि पेन्शनवर जीव, अशी सरळ वाटणी होती.

पहिल्याच दिवशी मशीननं ताईबाईंची बाटली बाहेर ढकलली. मग दुसरी. मग अख्खं पोतं.

"मावशी, चेपलेल्या हायत ह्या," केंद्र चालवणारा सत्यजीत म्हणाला. "मशीनला बाटली फुगलेली लागती. कोड दिसाय पाहिजे."

"न चेपता पोत्यात मावतील किती? बारा?"

वेचणारीच्या टाचेला ती सवयच असते. बूच काढायचं, टाच द्यायची, बूच लावायचं. भंगारवाला किलोवर घेतो, त्याला बाटलीच्या तब्येतीशी कर्तव्य नाही. योजना आखणाऱ्यांनी त्यासाठी परदेशदौरे केले होते. पोतं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

सत्यजीत हा हौसराव चेअरमनांचा, म्हणजे आप्पांचा मुलगा, बी.कॉम., बोलायला गोड. "तुमचं आधार कार्ड राहू द्या माझ्यापाशी," तो म्हणाला. "त्याच्यावर मी हातानं एंट्री मारतो. पोत्याला शंभर देईन."

"दोनशे बाटल्या हायेत की रं त्यात!"

"मग न्या भंगारात. ऐंशी मिळतील."

वीस रुपयांचा फरक होता. ताईबाईंनी कार्ड दिलं.

वर्षभरानंतर जानेवारीत त्यांना पर्यावरणरत्न पुरस्कार मिळाला. शाल, नारळ, आणि चौकात फ्लेक्स. त्यावर ताईबाई लहान आणि हौसराव मोठे. निवेदक ओरडला, "एका वर्षात तीन लाख अठरा हजार बाटल्या!" टाळ्या पडल्या.

"सत्यजीत, तीन लाख कवा रं?" ताईबाई पुटपुटल्या.

"नारळ सांभाळा मावशी. फोटो काढत्यात."

मार्चमध्ये पेन्शन आली नाही. ताईबाई कचेरीत गेल्या. क्लार्कनं स्क्रीन बघितला. "तुमचं उत्पन्न सहा लाख छत्तीस हजार हाय आजी. तुमच्या दौंडच्या बँक खात्यावर जमा झालंय. तुम्ही निराधार कशा?" आणि मग खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त हाय."

"दौंडला माझं खातं? साहेब, गोळ्या संपल्यात हो."

"चौकशी लागलीय. ती संपली की या."

चौकशी दौंडला होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "चौदा नोव्हेंबरला दहा वाजता तुम्ही शिरूरच्या केंद्रावर नऊशे बाटल्या टाकल्या. दहा वाजून दोन मिनिटांनी दौंडच्या केंद्रावर अकराशे. बरोबर?"

"दौंड मी आजच बघतीय."

"आज कशा आलात?"

"एसटीनं. न्हावऱ्यावरनं. दोन तास लागले."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि चहा प्यायला गेला. तेवढ्यात चौकशीला बोलावलेल्या सत्यजीतनं ताईबाईंना जिन्याखाली नेलं.

"मावशी, एवढंच म्हणा, सगळ्या बाटल्या मीच टाकल्या. कुणी गुतत न्हाई. पेन्शनचं आमचे आप्पा बघतील."

"मीच टाकल्या म्हंजी पैशे माझेच की."

"व्हय. कागदावर."

"मग दे की ते सहा लाख. पेन्शन नको मला."

सत्यजीतला अचानक फोन आला. फोन वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही.

ताईबाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "माझी पोती एकशे दहा. समदी चेपलेली. बाकीचं ह्या पोराला इचारा."

"सिद्ध कसं करणार?"

"गोदामात असतील की माझी पोती."

शिरूर आणि दौंड, दोन्ही केंद्रं सत्यजीतच चालवायचा, आणि त्यांचं गोदाम भांडगावला, हायवेला लागून होतं. दुपारी शटर उघडलं. आत उन्हाची तिरीप, दोन पाली आणि एका टोपलीत पस्तीस बाटल्या होत्या. उभ्या, फुगलेल्या, पुन्हापुन्हा मशीनमधून जाऊन कोड पुसट झालेल्या. चेपलेलं पोतं एकही नव्हतं. ती सत्यजीतनं वेळच्या वेळी भंगारात घातली होती.

"म्हणजे तुम्ही एकही बाटली जमा केल्याचा पुरावा नाही," अधिकारी म्हणाला. "सत्यजीतकडून पोत्याचे शंभर घेतलेत ना? मग अकरा हजार तुमच्याकडून वसूल होतील."

"आन् पेन्शन?"

"निकाल लागेपर्यंत उत्पन्न आहे तेच धरलं जाईल."

ऊन फार होतं. पंचांनी आणि अधिकाऱ्यानं पाणी मागवलं, प्याले, बाटल्या तिथंच ठेवल्या. अधिकाऱ्याच्या क्लार्कनं मोजून पंचनाम्यात लिहिलं: एकूण एक्केचाळीस. चूक लक्षात आली, पण सह्या झाल्या होत्या.

जाताना ताईबाईंनी त्या सहा उचलल्या. बूच काढलं, टाच दिली, बूच लावलं. शिरूरच्या भंगारवाल्यानं सहांचे मिळून दोन रुपये दिले.