आठ वळ

उत्तरेतल्या रामनगरच्या नदीकाठच्या वाळूवरची घोड्यांची शर्यत विश्वजीतने जिंकली. दोन पंचांपैकी एक होती पशुवैद्य हिमानी पटवर्धन, त्याची थोरली बहीण. घोड्याला पाचापेक्षा जास्त चाबूक मारले तर स्वार बाद आणि वर्षभर बंदी, असा यंदाचा नियम होता.

लोक विश्वजीतला खांद्यावर घेऊन नाचत होते. हिमानीने त्याच्या थरथरणाऱ्या घोडीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. वळ आठ होते आणि एकातून रक्त येत होतं.

"ताई, मी पाचच मारले," विश्वजीत खाली उतरून म्हणाला. "बाकीचे जुने असतील."

"सकाळी मीच तपासलं होतं हिला."

दुसरे पंच हळूच म्हणाले, "डॉक्टर साहिबा, घर की बात है, जाने दीजिए."

गर्दी जवळ सरकली. कुणीतरी तिच्या हातातला निकालाचा कागद ओढला. तिने तो सोडला नाही. भोंग्यावरून तिने सांगितलं, "विश्वजीत पटवर्धन बाहर. एक साल की पाबंदी."

विश्वजीत चाबूक फेकून नावेकडे चालू लागला. हिमानी जखम पुसू लागली, तशी घोडी उसळली. तो अर्ध्या वाटेतून परत आला.

"धरतो मी हिला," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर भाऊबीजेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.